डोक्यातले टॅब बंद करा!

डेडलाइन, ट्रॅफिक, ईएमआय आणि रात्री अकरा वाजता टुणकन वाजणारा ऑफिसचा ग्रुप... टेन्शनची कारणं काही संपणार नाहीत. पण टेन्शन आल्यावर आपलं शरीर आणि डोकं कसं वागतं, हे रोजच्या पंधरा-वीस मिनिटांत बदलू शकतं. ध्यान नेमकं काय करतं, काय करत नाही आणि सुरुवात कुठून करायची, याचा हा रोखठोक हिशेब.

सकाळी अलार्म वाजतो आणि डोळे धड उघडायच्या आत हात मोबाइलकडे जातो. रात्रीत आलेले मेल, क्लायंटचा 'अर्जंट' मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं. दात घासताना डोक्यात प्रेझेंटेशन. प्रेझेंटेशन देताना डोक्यात घरभाडं. आणि रात्री बिछान्यावर पडल्यावर? दुपारच्या मीटिंगमध्ये बॉस सगळ्यांसमोर जे बोलला ते, आणि आपण त्याला काय सुनवायला हवं होतं ते! शरीर एकीकडे, मन भलतीकडेच. ओळखीचं वाटतंय ना?

मग तुम्ही एकटे नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक भन्नाट अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० जणांना दिवसभरात मध्येच कधीतरी आयफोनवर विचारायचं, की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि मूड कसा आहे? सुमारे ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच. खरी मेख पुढेच आहे. मन भटकत असताना लोक कमी खूश होते, मग हातातलं काम कितीही कंटाळवाणं असो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

मनाच्या या भटकंतीवरचा जुना उपाय म्हणजे ध्यान. पण ध्यान म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर हिमालयातले साधूबाबा येतात आणि उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर अगरबत्ती, मंद संगीत आणि महागडं स्पा पॅकेज. प्रत्यक्षात या दोन्हींची गरज नाही.

वाघ नाही, मेल आहे!

टेन्शन येतं म्हणजे शरीरात होतं काय? धोका दिसला की मेंदू अलार्म वाजवतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. लढा किंवा पळा! हार्वर्डच्याच वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रतिक्रियेचं वर्णन केलं.

व्यवस्था उत्तम आहे. वाघ समोर आला तर जीव वाचवते. गोची अशी, की मेंदूचा हा अलार्म वाघ आणि 'कॉल मी' एवढाच मेसेज यांत फारसा फरक करत नाही. वाघ एक तर निघून जातो किंवा खाऊन टाकतो, विषय संपला. ऑफिसचं मात्र रोजचंच. अलार्म दिवसभर चालू राहतो आणि मग मान-खांदे आखडणं, पित्त, चिडचिड, झोपेचं खोबरं आणि पुढे जाऊन ब्लड प्रेशर, अशी एकेक पाहुणी मंडळी मुक्कामाला येतात.

सुदैवाने गाडीला अॅक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस ही त्या ब्रेकची मुख्य केबल. आपण श्वास सोडतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेतो तेव्हा किंचित वाढतात. म्हणजे सावकाश, लांब उच्छ्वास हा ब्रेकवर ठेवलेला हलका पाय! हृदयाला 'हळू चाल' अशी थेट ऑर्डर देता येत नाही, पचनालाही नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या हुकमानेही. म्हणूनच जगभरातल्या ध्यानाच्या बहुतेक पद्धती श्वासापासून सुरू होतात.

आजीची जपमाळ लॅबमध्ये

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मजेदार निष्कर्ष मांडला. काही लोकांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि मग 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला साधारण सहावर आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. या संथ लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा ताळमेळ अधिक छान बसत होता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, लय मात्र एकच. संध्याकाळी देवापुढे माळ ओढणारी आजी त्या वेळात एवढी शांत का असायची, याचं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं.

योगाला लॅबमध्ये नेण्याचं काम आपल्या शेजारी, लोणावळ्यात, याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं, प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. 'योगमीमांसा' हे संशोधनाला वाहिलेलं नियतकालिकही त्याच वर्षीचं. मुंबईत श्री योगेंद्र यांनी त्याआधी सहा वर्षं, १९१८ साली, 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली होती. सांताक्रूझला ती आजही चालू आहे.

अमेरिकेत हा विषय गाजला तो हर्बर्ट बेन्सन या हृदयरोगतज्ज्ञामुळे. महर्षी महेश योगींची भावातीत ध्यानपद्धती करणाऱ्या मंडळींना त्यांनी तपासलं. ध्यानात शरीराची ऑक्सिजनची गरज कमी होते, श्वास मंदावतो, म्हणजे 'लढा किंवा पळा'च्या बरोब्बर उलटा गिअर पडतो, असं त्यांना दिसलं. १९७५ साली आलेलं त्यांचं 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' हे पुस्तक धडाक्यात खपलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. एखादा शब्द, आवाज किंवा श्वास घ्या, तो पुन्हा पुन्हा मनात आणा आणि दुसरे विचार आले तर वैतागू नका. बस्स!

प्रयोग, ऑफिसवाल्यांवरच

आता आपल्या कामाची गोष्ट. जॉन कबात-झिन हे मुळात मॉलिक्युलर बायोलॉजीतले डॉक्टरेट. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलात एक क्लिनिक काढलं. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या पेशंट्सना आठ आठवडे ध्यान शिकवायचं, धर्माचं लेबल न लावता. हाच पुढे जगभर पसरलेला 'माइंडफुलनेस बेस्ड स्ट्रेस रिडक्शन', म्हणजे एमबीएसआर कोर्स.

मग मेंदूतज्ज्ञ रिचर्ड डेव्हिडसन आणि कबात-झिन यांनी मिळून हा कोर्स थेट एका कंपनीत नेला. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातली बायोटेक कंपनी, आणि तिथले तुमच्या-आमच्यासारखे नोकरदार. २५ जणांनी आठ आठवडे ध्यान केलं, १६ जणांना 'तुमचा नंबर नंतर' म्हणून थांबवलं. शेवटी सगळ्यांना फ्लूची लस टोचली. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. ध्यान करणाऱ्यांची चिंता कमी झाली होती. मेंदूच्या पुढच्या डाव्या भागातली, सकारात्मक भावनांशी जोडली जाणारी हालचाल वाढली होती. आणि लशीनंतर त्यांच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीजही इतरांपेक्षा जास्त होत्या!

४१ माणसं म्हणजे काही फार नव्हेत, हे खरं. पण रोज बॅज स्वाइप करून आत जाणारे, लंचला घाई असणारे लोकही हे करू शकतात, एवढं तर सिद्ध झालं. पुढे २००७ साली गुगलमध्ये चेड-मेंग टॅन या इंजिनीअरने कर्मचाऱ्यांसाठी असाच कोर्स सुरू केला आणि कॉर्पोरेट जगात ध्यानाची फॅशनच आली.

फायदे किती, फुगे किती?

फॅशन आली की फुगेही आले. 'ध्यानाने वजन घटतं', 'आयक्यू वाढतो', 'एका आठवड्यात आयुष्य बदलतं'... असले फॉरवर्ड्स तुम्हालाही येत असतील. थोडं थांबा आणि भक्कम पुरावा कशाचा आहे ते बघा.

२०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७ चाचण्या आणि ३,५१५ जणांची माहिती एकत्र करून तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम पण खरा फायदा दिसला. झोप, वजन, एकाग्रता यांच्या बाबतीत मात्र त्या वेळी तरी ठोस पुरावा मिळाला नाही. आणि व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असंही दिसलं नाही. म्हणजे मॅजिक नाही, पण मदत नक्की!

२०२२ साली त्याहून रंजक बातमी आली. अँग्झायटीचा विकार असलेल्या २७६ जणांचे दोन गट केले. एकाला एस्सिटालोप्राम हे नेहमी दिलं जाणारं औषध, दुसऱ्याला आठ आठवड्यांचा एमबीएसआर कोर्स. दोन्ही गटांतली चिंता जवळपास सारखीच कमी झाली. यावरून 'चला, गोळ्या बंद' असा निष्कर्ष काढलात तर मात्र घोटाळा. चालू औषध डॉक्टरांना न विचारता सोडायचं नाही म्हणजे नाही. आणि या लोकांनी आठवड्याचे क्लास करून वर रोज घरी पाऊणएक तास सराव केला होता, हेही विसरू नका.

हृदयाचं काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली सगळे पुरावे चाळून मत दिलं, की हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी आहार, व्यायाम आणि उपचार यांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही. जोडीला! त्यांच्याऐवजी नाही.

मेंदूबद्दलचा दावाही जरा जपूनच घ्यायला हवा. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूची साल काही ठिकाणी जाड असते, असं सारा लझार यांच्या २००५ सालच्या अभ्यासात दिसलं आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. पण डेव्हिडसन यांच्याच विस्कॉन्सिनच्या गटाने २०२२ साली दोनशेहून जास्त लोकांवर अभ्यास केला, तेव्हा आठ आठवड्यांच्या कोर्सने मेंदूच्या रचनेत तसा काही फरक आढळला नाही. दोन महिन्यांत मेंदू नवाकोरा होत नाही. तसा तो जिमला दोन महिने जाऊन दंडही होत नाही!

गुरू होता अकाउंटंट जनरल

महाराष्ट्रात ध्यानाचा विषय निघाला की इगतपुरीचं नाव निघतंच. 'अमका विपश्यनेला जाऊन आला आणि एकदम शांत झाला' हे प्रत्येक ऑफिसात कोणाबद्दल तरी बोललं जातं. पण ही परंपरा आपल्यापर्यंत पोचली ती कोणा संन्याशाकडून नव्हे, चक्क एका सरकारी अधिकाऱ्याकडून, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. १९४८ साली ते या पदावर आले. फायली, हिशेब, बैठका सगळं सांभाळून त्यांनी १९५० साली आपल्या ऑफिसातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेचा वर्ग सुरू केला. १९५५ साली त्यांच्याकडे सत्यनारायण गोएंका नावाचा तरुण उद्योगपती आला. जन्म मंडालेचा, धंदा जोरात आणि डोकेदुखी त्याहून जोरात! मायग्रेन असा, की मॉर्फिन घ्यावं लागे. फक्त डोकेदुखी घालवायला आला असशील तर हा तुझा मार्ग नव्हे, असं ऊ बा खिन यांनी त्यांना सांगितल्याचं गोएंका पुढे आवर्जून सांगत. मन स्वच्छ करायला ये, डोकेदुखी गेली तर तो बोनस समज, असा त्याचा मथितार्थ.

१९६९ साली गोएंका भारतात आले आणि मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. १९७६ साली इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. २०१३ साली गोएंका गेले, पण शिबिरं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजातल्या सूचनांवर चालतात.

दहा दिवसांचं शिबिर म्हणजे पिकनिक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पहाटे ४ वाजता घंटा. दिवसाला सुमारे दहा तास बैठक. मोबाइल, पुस्तक, वही-पेन, सगळं जमा. बोलणं बंद, खाणाखुणासुद्धा नाहीत. नव्या साधकाला संध्याकाळी चहा-फळांवर भागवायचं. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला म्हणतात आनापान. चौथ्या दिवसापासून सगळ्या अंगावरच्या संवेदना, काहीही न बदलता, नुसत्या पाहायच्या. गुडघा ठणकतोय? बघा. नाकाला खाज? बघा. हळूहळू लक्षात येतं, की खाज येते आणि आपण हात न लावताही जाते. रागाचंही तसंच असतं. ऑफिसात उपयोगी पडतो तो नेमका हाच धडा. मेल वाचून संताप आला आणि 'रिप्लाय ऑल' दाबायच्या आधी तीन श्वासांची फट सापडली, की अर्धी लढाई तिथेच जिंकली!

शिबिराची फी नाही. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं. सुट्टी मात्र येण्या-जाण्यासकट १२ दिवसांची टाका. जागा लवकर भरतात, तेव्हा नाव आधी नोंदवा. पुणेकरांना आळंदीजवळ मरकळलाही केंद्र आहे.

मात्र एक इशारा. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर अर्जात ते लपवू नका आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नका. ध्यान सगळ्यांनाच मानवतं असं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ध्यान करणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांच्या आसपास लोकांना चिंता किंवा उदासी वाढण्यासारखा त्रास झाल्याचं आढळलं. तसं काही जाणवलं तर थांबा, मदत घ्या. त्यात कमीपणा कसला?

पहिला आठवडा असा करा

एकदम इगतपुरी गाठायची गरज नाही. सुरुवात घरातल्या खुर्चीवर होते.

१. वेळ ठरवा, जागा ठरवा. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधीची वेळ बेस्ट. जेवल्या जेवल्या बसलात तर ध्यान कमी, घोरणं जास्त!

२. मांडी घातलीच पाहिजे असं नाही. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, पाठ ताठ पण अकडलेली नाही. डोळे मिटा.

३. श्वास नाकाने आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा. मुद्दाम ओढू नका. लक्ष टिकत नसेल तर एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा.

४. मन पळणारच. तिसऱ्या श्वासाला अप्रेझल आठवेल, पाचव्याला दुधाचं बिल. पळालंय हे कळलं की स्वतःवर न चिडता परत आणा. 'मला जमतच नाही' म्हणून लोक इथेच सोडून देतात. खरं तर मनाला परत आणणं हाच व्यायाम. वीसदा पळालं आणि वीसदा आणलंत, तर वीस डंबेल्स झाले!

५. पहिले तीन दिवस पाच मिनिटं, मग दहा. महिन्याभरात वीसपर्यंत जा. रविवारी दोन तास आणि आठवडाभर सुट्टी, असला हिशेब इथे चालत नाही.

६. बसणं अगदीच जमत नसेल तर झोपून योगनिद्रा करा, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत. किंवा जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, कानात इअरफोन न घालता, फक्त पावलांकडे लक्ष देऊन. लोकलमध्ये उभं राहूनही दहा श्वास मोजता येतात. फक्त स्टेशन चुकवू नका!

अॅपचं काय, असा प्रश्न येतोच. सुरुवातीला आवाजाची साथ मिळते म्हणून वापरा. मात्र ज्या मोबाइलपासून पळायचंय त्याच्याच स्क्रीनवर 'किती दिवसांची स्ट्रीक' म्हणून टार्गेट गाठायला लागलात, तर ते आणखी एक टेन्शन.

बॉसनेही वाचावं असं

आता थोडं स्पष्ट बोलू. रोज चौदा तास काम, वीकेंडला कॉल, सुट्टी मागितली की तोंड वाकडं, आणि वर्षातून एकदा एचआरकडून 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं तासाभराचं सेशन. हे म्हणजे छत गळतंय म्हणून माणसांना पोहायला शिकवणं! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून आलेली स्थिती अशी. व्याख्येतच कामाची जागा आहे. तेव्हा 'तू ध्यान करत नाहीस म्हणून थकतोस' असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका.

ध्यानाने काम कमी होत नाही. मात्र डोकं जरा निवळलं, की कुठलं टेन्शन आपण उगाच घेतोय आणि कुठलं आपल्यावर लादलं जातंय, यातला फरक दिसायला लागतो. पहिलं सोडून देता येतं. दुसऱ्याबद्दल शांतपणे, आवाज न चढवता 'नाही, हे एवढ्या वेळात होणार नाही' असं सांगता येतं. कधी नोकरी बदलायचा निर्णयही त्याच शांत डोक्याने घेता येतो. सगळं सहन करायला शिकवणारं ध्यान कंपनीच्या फायद्याचं असेल, आपल्या नव्हे.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डोळे मिटून बसण्याची ती वेळ नव्हे. जवळच्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

बाकी सगळ्यांसाठी प्रिस्क्रिप्शन एकदम स्वस्त आहे. ना मॅट, ना मेंबरशिप, ना गुरुदक्षिणा. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली २१ डिसेंबर हा 'जागतिक ध्यान दिवस' म्हणून जाहीर केला खरा, पण त्याची वाट कशाला बघायची? उद्या सकाळी अलार्म बंद केलात की मोबाइल पालथा ठेवा आणि पाच मिनिटं नुसते बसा. मेल कुठे पळून जात नाहीत!